वाघुंडे सर आणि नरम पेडल

वाघुंडे सरांना गाडी चालवता येत नव्हती. लायसन त्यांनी कधी काढलंच नाही. घरी एक सायकल होती, तीही त्यांचा धाकटा भाऊ वापरायचा. अशा माणसाने अंबडच्या आमच्या तांत्रिक संस्थेत चौदा-पंधरा वर्षं मोटार मेकॅनिकचा वर्ग चालवला. या भागातले निम्मे गॅरेजवाले आजही अभिमानाने सांगतात की आम्ही वाघुंडे सरांचे विद्यार्थी. मी त्यांच्या हाताखाली कनिष्ठ निदेशक होतो. संस्था आता बंद पडली आहे. सरांबद्दल चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यात माझी भर नको.

सर दिसायला मात्र खरेच सर होते. पांढरा शुभ्र बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, आणि हातात कुठल्याशा जीपची तुटलेली एरियल. ती लांब ओढून ते फळ्यावरच्या आकृतीवर ठेवायचे आणि इंजिनाचा एकेक भाग असा समजावून सांगायचे की पोरं टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी बसायची. एवढं मी मान्य करतो. पण फळ्यावरून वर्कशॉपमध्ये आले की एरियल तीच आणि सरही तेच. गाडीपासून दोन हात लांब उभं राहून ते एरियलने दाखवायचे, "हा नट. हा नाही रे, त्याच्या शेजारचा." नटाला त्यांचा हात लागलेला कुणी पाहिला नव्हता. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "हात म्हणजे हमाल, डोकं म्हणजे मालक." आम्ही सगळे हमाल. बाहेरचे गॅरेजवाले तर त्याहून खालचे. त्यांना ते 'पाना-पक्कडवाले' म्हणत. गॅरेजमधला एखादा माणूस काही विचारायला आला तर सर त्याला खुर्ची देत नसत, आधी एक प्रश्न विचारत. उत्तर चुकलं की मग प्रसन्न होऊन बोलायला लागत.

मंठ्याकडचा एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला होता. ट्रॅक्टर काळा धूर ओकत होता आणि चढावर दम टाकत होता. सरांनी एरियल बोनेटवर टेकवली आणि जाहीर केलं, "पिस्टनच्या रिंगा गेल्या." पोरांनी दोन दिवस खपून इंजिन उघडलं. रिंगा चांगल्या होत्या. पुन्हा सगळं बसवलं, धूर तसाच. तिसऱ्या दिवशी त्या शेतकऱ्यानेच एअर फिल्टरचं झाकण काढलं. आत उंदराने चिंध्या आणि सरकी भरून घरटं केलेलं होतं. तो घरटं हातात धरून सरांपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "सर, ह्या बघा रिंगा." पोरं हसली. सर हसले नाहीत, लाजलेही नाहीत. म्हणाले, "रिंगा तरी एक दिवस जाणारच होत्या. तत्त्व समजलं का?"

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. मीही काही वर्षं नेलं. मग कुंभार पिंपळगावच्या बापूसाहेबांची गाडी आली.

बापूसाहेब त्या गावातले मोठे बागायतदार. त्यांच्या वडिलांनी हैदराबादच्या एका अधिकाऱ्याकडून घेतलेली काळी विलायती मोटार त्यांच्याकडे होती. गोल बोनेट, बाहेर निघालेले दिवे, आत लाल चामड्याच्या सीटा. नव्वद-एक्क्याण्णव सालची गोष्ट. मुलीचं लग्न ठरलं होतं आणि मुलगी याच गाडीतून मांडवात जाणार असा बापूसाहेबांचा हट्ट होता. इंजिन ठीक होतं, पण ब्रेक जुने, ड्रमचे, म्हणजे फिरत्या डब्याला आतून पट्टे घासून चाक थांबवणारे. ते एका बाजूला ओढायचे.

बापूसाहेब गाडी घेऊन सरांकडे आले. सोबत त्यांचा ड्रायव्हर किसन. किसन मूळचा मेंढरं राखणाऱ्या घरातला. बापूसाहेबांच्या मळ्यावर आधी सालगडी, मग पंपावर, मग या गाडीवर. वीस वर्षं तोच ती चालवत होता. ड्रम घासून घ्या, नवे लायनर टाका, एवढंच त्याचं म्हणणं होतं. सरांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बापूसाहेब, ड्रम आता इतिहासजमा. पुढच्या दोन चाकांना डिस्क ब्रेक बसवू. जिल्ह्यात पहिली गाडी होईल तुमची."

'जिल्ह्यात पहिली' एवढं ऐकलं आणि बापूसाहेब विरघळले.

औरंगाबादच्या भंगार बाजारातून एका नव्या छोट्या गाडीच्या चकत्या आणि कॅलिपर आणले. कॅलिपर म्हणजे फिरत्या चकतीला दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा चिमटा. ब्रेक मारला की पेडलमधून तेलाचा दाब नळीने तिथपर्यंत जातो आणि चिमटा आवळतो. त्या तेलात हवा राहिली तर दाब हवेतच जिरतो आणि पेडल गादीवर पाय दिल्यासारखं खाली जातं. म्हणून कॅलिपरवर हवा काढायला एक छोटा निपल असतो. तो सैल करायचा, पेडल मारायचं, बुडबुडे निघून जाईपर्यंत तेल सोडायचं. एवढंच शास्त्र.

बसवायला लोखंडी पट्ट्या आम्हीच कापल्या. सर जाडजूड इंग्रजी पुस्तक उघडून उभे. आकृतीवर एक बोट, दुसऱ्या हातात एरियल. "हा डावीकडे. हा उजवीकडे." पोरांनी तसं बसवलं. नंतर मला कळलं की पुस्तकातली आकृती चाकाच्या आतल्या बाजूने पाहिलेली होती. सरांनी ती बाहेरची समजून वाचली. डावा कॅलिपर उजवीकडे गेला आणि उजवा डावीकडे.

गाडी गेली आणि चार दिवसांत परत आली. किसन सांगायला लागला, "सर, पेंडल लई नरम लागून राह्यलं. पहिल्यांदा मारलं की पार खाली जातं. दोन-तीनदा मारलं की मंग धरतं."

"हवा राहिली असेल," सर म्हणाले. पोरांनी तेलाची आख्खी बाटली संपवून हवा काढली. पेडल तसंच.

दुसऱ्या खेपेला सरांनी रबरी नळ्या फुगतात असं निदान केलं. नळ्या बदलल्या. पेडल तसंच. मग तेलाला दाब देणारा मास्टर सिलिंडर लहान पडतो, म्हणून मोठा घातला. पेडल तसंच. प्रत्येक निदान ते असं ठासून सांगत की आधीचं निदान त्यांनी केलंच नव्हतं असं वाटावं. लग्न दहा दिवसांवर आलं होतं. चौथ्या खेपेला सरांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, एरियल मिटली आणि म्हणाले, "गाडीत दोष नाही. याच्या पायात आहे. बैल हाकणाऱ्या माणसाला डिस्कचा ब्रेक कळत नाही."

सर चहाला गेले तेव्हा किसन गाडीखाली आडवा झाला आणि बराच वेळ तसाच पडून राहिला. मग त्याने मला हाक मारली.

"मास्तर, जरा इकडं वाका. हा हवा काढायचा निपल खाली हाय ना?"

मी वाकलो. होता. कॅलिपरच्या अगदी बुडाशी.

"आता आपल्या मळ्यातली पाइपलाइन घ्या. तिच्यात हवा धरली तं पाणी तुटतं. मंग हवा सोडायचा वॉल्व्ह आपण कुठं बसवितो? चढावर. टेकाडाच्या माथ्यावर. खाली बसविला तं नुसतं पाणीच सांडंल, हवा वरच्या वर बसून राह्यन. म्या गाडीआधी पाच वर्षं पंप चालविला, मला काय दुसरं कळत न्हाई. पण हवा वर जाती, एवढं बिलकुल कळतं."

मी तांत्रिक शिक्षण घेतलेला माणूस. तीन आठवडे त्या निपलमधून तेल सांडत होतो, आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दोन्ही कॅलिपरची अदलाबदल केली की निपल आपोआप वर येणार होता. दोन तासांचं काम.

सर चहा घेऊन आले तेव्हा मी चाचरत सांगितलं. पाइपलाइनचं सांगितलं नाही, फक्त निपल खाली आहे एवढंच. सरांनी पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. "आकृती बघ. मी आकृती बघून बसवलेत. कुणी सांगितलं तुला हे?"

"किसनदादा म्हणत होते."

"जाधव," सर सावकाश म्हणाले, "तुला अजून कायम व्हायचंय. निदान त्याआधी तरी ड्रायव्हरचा विद्यार्थी होऊ नकोस."

मी पुस्तक मिटून परत दिलं. नोकरीला चार वर्षं झाली होती आणि माझ्या कायम होण्याचा अहवाल सरांनीच लिहायचा होता. किसनदादा निघताना म्हणाले, "मास्तर, सांगितलं का?" मी म्हणालो, "सांगितलं. बघू म्हणाले." बघू असं ते म्हणाले नव्हते.

लग्नाच्या आदल्या दिवशी, सकाळी, किसन नवरीला आणि तिच्या आत्याला घेऊन मळ्यावरून गावातल्या मारुतीच्या दर्शनाला निघाला. बाजाराचा दिवस होता. मळ्याचा रस्ता गावाजवळ नाल्याकडे उतरतो, पूल ओलांडला की लगेच बाजार. उतारावर किसनने ब्रेक मारला. पेडल खाली गेलं. पुन्हा मारला, पुन्हा खाली. तिसऱ्यांदा मारायला वेळ नव्हता. समोर पुलावर बैलगाड्या, बाया-माणसं, डोक्यावर पाट्या. हँडब्रेक ओढला, गिअर खालचा टाकला, तरी गाडी थांबेना. त्याने मागे ओरडून सांगितलं, "ताई, खाली वाका!" आणि गाडी रस्त्यावरून उतरवून काळ्या मातीच्या उंच बांधावर घातली. तीसुद्धा स्वतःची, ड्रायव्हरची बाजू पुढे करून.

नवरीच्या कपाळाला खोक पडली, आत्याचा हात मुरगळला. बाजारातल्या कुणाला धक्काही लागला नाही. किसनचा उजवा गुडघा मोडला. लग्न दुसऱ्या दिवशी पार पडलं. नवरी कपाळाला पट्टी लावून बोहल्यावर उभी राहिली.

बापूसाहेब संतापले होते. गाडी ट्रॅक्टरला बांधून आमच्या वर्कशॉपमध्ये आणून टाकली. किसनवर हयगयीने गाडी चालवल्याचा गुन्हा दाखल झाला. सोमवारी जालन्याहून इन्स्पेक्टर ब्रेक तपासायला येणार होते. ब्रेक चांगला निघाला तर किसनचं लायसन जाणार आणि खटला उभा राहणार, हे सगळ्यांना माहीत होतं. सरांनी शनिवारी सगळ्या स्टाफसमोर सांगितलं, "ब्रेक ठणठणीत आहे. मी जबाबदारी घेतो."

रविवारी सकाळी मी संस्थेत गेलो. खरं सांगायचं तर निपल पुन्हा एकदा डोळ्यांनी पाहून घ्यायचा होता. वर्कशॉपचा दरवाजा आतून लोटलेला होता. ढकलला, आणि पाहतच राहिलो.

वाघुंडे सर गाडीखाली होते. बुशशर्ट खिळ्याला टांगलेला, अंगात बनियन, कोपरापर्यंत ग्रीस. एक चाक काढून भिंतीला टेकवलेलं. डाव्या बाजूचा कॅलिपर त्यांनी केव्हाच उजवीकडे बसवला होता आणि आता दुसरा बसवत होते. पाना त्यांच्या हातात असा फिरत होता की माझ्याच्याने तसा फिरला नसता. नट आधी बोटाने लावायचा, मग अर्धा वळसा पान्याने, मग समोरचा. घाई नाही, पडझड नाही. जन्मभर हेच काम केलेल्या माणसासारखे हात. इतकी वर्षं हे हात त्यांनी कुठे ठेवले होते?

त्यांनी मला पाहिलं. दचकले नाहीत.

"बरं झालं आलास. आत बस. पेडल मार."

आणि मी बसलो. आजही मला याचं उत्तर देता येत नाही, पण मी बसलो. "मार... धर... सोड." ते खालून सांगत होते, मी पाय दाबत होतो. बाटलीत बुडबुडे सुटल्याचा आवाज येत होता. बुडुक, बुडुक. नंतर एकदाच मोठ्ठा सुस्कारा निघाल्यासारखं झालं आणि माझ्या पायाखालचं पेडल दगडासारखं झालं.

सर बाहेर आले. रॉकेलने हात धुतले, साबणाने पुन्हा धुतले, बुशशर्ट चढवला. खिशाची पेनं नीट केली. मग म्हणाले, "तुझा अहवाल मी टेबलावर काढून ठेवलाय. उद्या सही करतो."

एवढ्या दिवसांत माझ्या मनात त्यांच्याबद्दल हसू होतं, कंटाळा होता. तिरस्कार त्या सकाळी आला. माणूस चुकतो, चूक कळत नाही, ते मी समजू शकतो. यांना कळली होती. शनिवारी जबाबदारी घेतो म्हणाले तेव्हाही कळलेली होती. आणि दुरुस्त करायला दोन तास पुरत होते. हे दोन तास त्यांनी कुणाचा तरी गुडघा मोडेपर्यंत जवळ ठेवून घेतले.

सोमवारी इन्स्पेक्टर आले. बापूसाहेब आले. किसनलाही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणलं होतं, पायाला प्लास्टर, हातात काठी. इन्स्पेक्टरांनी पेडल दाबून पाहिलं. कडक. पुन्हा दाबलं. कडक.

"ब्रेक तर चांगला आहे," ते म्हणाले.

सरांनी एरियल उघडली आणि डिस्क ब्रेकचं तत्त्व सांगायला सुरुवात केली. बापूसाहेब किसनकडे न बघता म्हणाले, "वीस वर्षं भरवसा ठेवला मी तुझ्यावर."

किसन काठी टेकत गाडीपाशी आला. पाय वापरता येत नव्हता, म्हणून दारातून वाकून त्याने तळहाताने पेडल दाबलं. थोडा वेळ तसंच दाबून धरलं. मग म्हणाला, "आता बराबर झालं. ज्यानं केलं त्यानं चांगलं केलं. पण आधी करायला पाह्यजे होतं."

कुणाला काही उलगडलं नाही. सर म्हणाले, "बघा, बडबडतोय."

तेव्हा मी बोललो. शूरपणे नाही. सरांचं नावही मी घेतलं नाही. एवढंच म्हणालो, "साहेब, काल हे खोललेलं होतं. दोन्ही कॅलिपरच्या बाजू बदलल्या आहेत."

इन्स्पेक्टर खाली वाकले. बाकी सगळ्या गाडीवर बांधाची माती वाळलेली होती, आणि कॅलिपरचे तेवढे नट लखलखीत. त्यांच्यावर पान्याचे ताजे ओरखडे.

"कोणी खोललं?"

मी सरांकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. सरांनी रुमाल काढून चष्मा पुसला आणि म्हणाले, "मीच. तपासणीपूर्वी निरीक्षण करावं लागतं. ती पद्धतच आहे."

"मग तसं लिहून द्या."

सरांनी सुंदर अक्षरात, इंग्रजीत, एक पान लिहून दिलं. मी ते वाचलंय. त्यात सगळं होतं, फक्त काय झालं ते नव्हतं. पण 'खोलले' या अर्थाचा शब्द कसाबसा त्यात आला होता आणि तेवढ्यावर काम झालं. अपघाताच्या वेळी ब्रेक कसा होता हे आता सांगता येत नाही, असा शेरा पडला. किसनवरचा गुन्हा पुढे टिकला नाही.

सरांना कुणी काही केलं नाही. बापूसाहेब मला एकदा भेटले तेव्हा म्हणाले, "मला समजलं सगळं. पण शिकल्यासवरल्या माणसाचा चारचौघांत कसा पाणउतारा करायचा?" किसनचा गुडघा पुन्हा पुरता वाकला नाही. गाडी चालवणं सुटलं. बापूसाहेबांनी त्याला मोसंबीच्या बागेवर ठेवला. पंप आणि पाइपलाइन त्याच्याकडेच. मी कायम झालो, पण तीन वर्षं उशिरा आणि सरांच्या शेऱ्यासकट. 'अधीर स्वभाव', असा तो शेरा होता.

पुढच्या वर्षी सरांनी डिस्क ब्रेकचा धडा घेतला. रंगीत खडूंनी फळाभर आकृती. मी मागे उभा होतो. "पेडल नरम लागतं," सर म्हणाले, "आणि सगळे उपाय हरतात. अशा वेळी फक्त तत्त्व कामाला येतं. हवा नेहमी वर जाते. निपल खाली आला तर ती बाहेर कशी पडणार? हे मी एका जुन्या गाडीवर स्वतः शोधून काढलं." आणि मग त्यांनी शेतातल्या पाइपलाइनचा दाखला दिला. चढावरच्या वॉल्व्हचा. म्हणजे त्या दिवशी चहाहून परत येताना ते दाराशी थांबले होते. सगळं ऐकलं होतं.

धडा उत्तम झाला. तसा धडा मी कधी घेऊ शकलो नाही. पोरांनी वह्या भरभरून लिहून घेतला आणि त्यांतल्या एकाही पोराने पुढे कॅलिपर उलटे बसवले नसतील. हेही खरं आहे, आणि त्याने माझा राग कमी होत नाही.

सर निवृत्त झाले तेव्हा मोठा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. मी रजा काढली होती.

शेवटचे दिसले ते जालन्याच्या बसस्टँडवर, पाच-सहा वर्षांनी. केस पांढरे, बुशशर्ट तसाच. मीच जाऊन नमस्कार केला. सवय जात नाही. त्यांनी घरची चौकशी केली, संस्थेची केली. बस लागली तसे उठले आणि एकदम म्हणाले, "जाधव, तो ड्रायव्हर... नाव काय त्याचं?"

"किसन."

"हां. किसन." मला वाटलं, आता काही म्हणतील. मी खरंच वाट पाहिली. "कसाय तो?"

"लंगडतात. पण बरे आहेत."

"बुद्धी होती त्याला," सर म्हणाले. "शिकला असता तर माझा विद्यार्थी झाला असता."

ते बसमध्ये चढले, खिडकीजवळ बसले. काच वर सरकत नव्हती. त्यांनी दोन्ही हातांनी लावून पाहिलं, सरकली नाही. मागच्या सीटवरच्या फेटेवाल्या म्हाताऱ्याने हात लांबवला, काचेला खालून एक बुक्का दिला आणि ती सर्रकन वर नेली. सर त्याच्याकडे वळले. बस हलली तेव्हा ते त्या म्हाताऱ्याला बोट वर करून सांगत होते, काच कशी उघडायची असते ते.